नेटाबाईंची तपासणी

मसीना घरमालकिणीविरुद्धचा खटला जिंकली. पण खटला झालाच नाही, त्यामुळे ते सोडून देऊ.

घरमालकीण नेटाबाई पुन्हा दारात उभ्या होत्या. अंगात कोट, कोटावर कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात चीज रोलचं ताट. त्यांचं घर पुढे, मसीनाचं भाड्याचं घर मागे आणि मधल्या अंगणात न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरल्या इन्व्हरकार्गिलचं, ऐन हिवाळ्यातल्या जुलैचं हिम बुटाखाली कुरकुरत होतं.

"पंप तपासायला आलेय," त्या म्हणाल्या. कालही तोच तपासायला आल्या होत्या.

गरम हवेचा पंप बाहेरच्या खोलीत भिंतीवर होता. बिघडला तर दुरुस्ती मालकाची, फिल्टर धुणं भाडेकरूचं, असा कायदा. मसीना तो फिल्टर जुन्या टूथब्रशने असा घासायची, की नवऱ्याचे दात त्यापुढे मळकट दिसावेत. तिला कारणही तसंच होतं. आधीच्या घरात भिंतींना बुरशी होती आणि धाकटीच्या छातीत घरघर. इथे आल्यापासून पोर रात्रभर शांत झोपत होती. हे घर सुटलं असतं तर घरघर परत आली असती.

नेटाबाईंनी चष्मा लावून फिल्टर पाहिला. खोट सापडली नाही. मग त्या पंपाखालच्या खुर्चीत बसल्या.

"आता हवा तपासते."

हवा तपासता तपासता त्यांनी एक कोट काढला, मग दुसरा. कोको प्यायल्या. मध्येच तपासणी इतकी रंगली की थोडं घोरल्याही. मसीनाने त्यांना झोपू दिलं. म्हातारं माणूस दारात आलं की खुर्ची द्यायची, खाऊ घालायचं आणि ऊठ म्हणायचं नाही, ही तिच्या सामोआ बेटांवरची रीत. ते माणूस आपल्याला घराबाहेर काढायला आलं असलं तरीही.

जाताना नेटाबाईंनी नेमाने उद्याची चिठ्ठी दिली. आगाऊ लेखी कळवल्याशिवाय मालकाने भाडेकरूच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हाही कायदाच. बाई कायद्याला पक्क्या.

"म्हातारी खोट शोधतेय," मसीना म्हणाली.

"कसली खोट! पंपाच्या प्रेमात पडलीय ती," नवरा म्हणाला. पेनी त्याचं नाव, मांसाच्या कारखान्यात कामाला. "लग्न लावून दे आणि कर दोघांची पाठवणी."

"हसू नकोस. काढेल आपल्याला."

"मग तक्रार कर. रोज रोज तपासायला आपण काय कारखान्यातलं मटण आहोत?"

मसीनाने फोनवर भाडे लवादाचा तक्रार अर्ज उघडला. नाव भरलं, पत्ता भरला आणि 'आपली मागणी' या रकान्यापाशी अडली. 'म्हातारीला आवरा' हे सरकारी भाषेत कसं लिहायचं, ते तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी नेटाबाई आल्याच नाहीत.

चिठ्ठी देऊन न येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मसीनाने थोडी वाट पाहिली, चिडून पाहिलं, मग कोकोचा कप घेऊन अंगण ओलांडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरली तरी तिच्या तोंडातून वाफ निघायची थांबेना.

नेटाबाई पलंगावर होत्या. टोपीसकट, बुटांसकट.

"काही झालं नाहीये," त्या म्हणाल्या. "पाय तेवढे ऐकत नाहीत."

"काही खाल्लंत? लोणी-पाव देऊ?"

"दे. लोणी फ्रिजमध्ये आहे. बाहेर ठेवलं की गोठतं."

मसीनाने चारही भिंतींवरून नजर फिरवली. चारही कोऱ्या.

"तुमचा पंप कुठंय?"

"तुझ्याकडे नाही का?"

"तो माझा. तुमचा?"

"ऐपत एकाचीच होती, पोरी. भाडेकरूला थंडी वाजू द्यायची नाही, असं कायदा म्हणतो. मालकिणीलाही वाजते, हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही." मग त्या घाईघाईने म्हणाल्या, "पण तुझा उत्तम चालतो हं. मी जातीने तपासलाय."

मसीनाने त्यांना पांघरुणासकट उभं केलं.

"चला."

"अगं, आजची वेळ टळून गेली. नवी चिठ्ठी दिल्याशिवाय मला येता नाही येणार."

"तुम्ही कुठे येताय? मी नेतेय. त्याला कायदा नाही."

अंगण ओलांडायला बराच वेळ लागला. पंपाखालच्या खुर्चीत मात्र नेटाबाईंनी क्षणात तपासणी सुरू केली. एक कोट उतरला, दुसरा उतरला, घोरणं सुरू झालं. धाकटी रांगत आली आणि त्यांच्या बुटाला टेकून झोपली.

मसीनाने फोन काढला. अर्धा अर्ज तसाच होता. रिकाम्या रकान्यात तिने लिहिलं :

'सदर भाडेकरूची नम्र विनंती की, फिल्टर स्वच्छ ठेवण्याबरोबरच घरमालकीण ऊबदार ठेवणे हीही भाडेकरूचीच जबाबदारी ठरवावी. आणि सदर घरमालकिणीस सदर खुर्चीतून उठावयाचे झाल्यास, तिने एक हिवाळा आधी लेखी कळवावे.'