कानापुरती रशियन

सून रशियन. ती घरात आली त्याच वर्षी सासूबाईंनी विद्यापीठाच्या रशियन विभागात नाव घातलं.

"सुनेशी गप्पा मारायच्या असतील," प्राध्यापिका कौतुकाने म्हणाल्या.

"छे हो! रोज दुपारी दार लावून आईशी फोनवर बोलते ती. माझ्या नावाने काय बोटं मोडते, ते कळायला नको? मला बोलायला शिकवू नका. कानापुरती शिकवा."

आणि सासूबाई हात धुऊन रशियनच्या मागे लागल्या. जाडजूड कादंबऱ्यांतल्या एकेका माणसाची तीन-तीन नावं पाठ केली, नाटकांतली भांडणं हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली.

लेखी परीक्षा: पहिला वर्ग.
तोंडी परीक्षा: गैरहजर.
घरी: अवाक्षर नाही, सुनेला पत्ताही नाही.

मग एका दुपारी सासूबाईंनी दाराला कान लावला. सासूबाईंनी दाराला कान लावला.

"एकटी कशी पडेन गं मी, आई?" सून सांगत होती. आवाज हसरा होता, नाक मात्र चोंदलेलं. "सासूबाई आपली भाषा शिकल्यात, खास माझ्यासाठी. दिवसभर बोलत असतो आम्ही. थांब, आता चहाला हाक मारतील बघ."

सासूबाईंनी घसा खाकरला, दारावर थाप मारली आणि फोनच्या पलीकडेही ऐकू जाईल अशा खणखणीत रशियनमध्ये त्या म्हणाल्या, "सूनबाई, ये गं लवकर! चहा निवतोय."

आणि धावत जाऊन त्यांनी आधण ठेवलं.