मैदानावरची हजेरी

धाकटा भाऊ त्या रणांगणावरच राहिला. पण तसं काही झालंच नाही, असं घरात ठरलंय. त्यामुळे आपणही सहलीपासूनच सुरुवात करू.

वाटेत गाडी थांबवून ताई आणि तो जुन्या लढाईचं मैदान बघायला उतरले. कापलेलं गवत, चार बाकडी, खांबावर कर्णा. कर्ण्यातून बेपत्ता सैनिकांची नावं वाचली जात होती, आणि प्रत्येक नावानंतर जरा वेळ शांतता.

"कॉलेजात मी अख्ख्या वर्गाची हजेरी लावायचो," भाऊ म्हणाला, आणि पुढच्या नावाला ओरडला, "हजर!"

कर्ण्यात कागदावर पेन खरखरलं. मग पुढचं नाव आलं.

"चल, आगाऊ कुठला!" ताईने त्याचा हात ओढला. तो ताठ उभा होता, तसूभरही हलला नाही.

"थांब ताई, अजून सगळे आले नाहीत."

ताईला रडूही आलं नाही. ती सरळ मैदानाच्या कार्यालयात गेली आणि कर्ण्याने भावाची हजेरी लिहून घेतल्याचं सांगितलं.

"ते रेकॉर्डिंग आहे हो बाई," कारकून म्हणाला. "त्याला कुठून ऐकू येणार?"

तिने कोरा कागद मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर हजेरी माझ्या भावाने चेष्टेने दिलेली असल्याने ती रद्द करून त्यास घरी सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.'