एकही तक्रार नाही

केबिनच्या दारावर पाटी लागत होती आणि ड्रिल मशीन धरलं होतं विनीतने. दुसरं कोण धरणार? रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या त्या मासळी गोठवणाऱ्या कंपनीत वायर, प्लग, प्रिंटर, खिळा काही म्हटलं की विनीतच.

पाटीवर नाव नव्हतं, नुसतं पद होतं: सर्व्हिस मॅनेजर, आयटी. आत बसणार होती दर्शना. हेच पद विनीतने गेल्या वर्षी मुंबईच्या साळवी साहेबांकडे स्वतःसाठी मागितलं होतं. "बघू," म्हणाले होते साहेब. बघितलं ते हे असं. खाऱ्या हवेने गंजलेले प्लग वर्षानुवर्षं घासायचे ह्याने, आणि खुर्ची कालच्या पोरीला. तिला केबल जोडायला तरी कोणी शिकवलं? ह्यानेच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वर गोड बोलणारा.

"दादा, एक ऐकाल?" दर्शना म्हणाली. "यापुढे कुठे काही बंद पडलं तर आधी माझ्याकडे नोंद होऊ दे. मग तुम्ही जा. साधा माउस बदलला तरी."

"म्हणजे तुला विचारून जायचं?"

"विचारून नाही हो. नोंदवून." ती जरा घुटमळली. "दिवाळीपर्यंत माझं एवढं ऐका. तुमच्याच भल्याचं आहे."

विनीतच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र तो "बरं, मॅडम" म्हणाला.

संध्याकाळी तो मासळीच्या काट्यावर गेला. तिथे भागोजी वजनं करायचा.

"भागोजी, काटा अडला तर फोन कोणाला करणार?"

"नवी नोटीस लागलीय ना. आधी मॅडमना कळवायचा."

"मॅडम येणार काय काटा उघडायला?"

"नाय ओ."

"मग मला थेट फोन कर. उगाच त्यांना कशाला त्रास?"

भागोजीचं काय जातंय? काम झालं म्हणजे झालं. कंपनीच्या चिपळूणच्या डेपोत आणि लोट्याच्या गोदामातही विनीतने हेच पढवून ठेवलं. बसू दे बाईला रिकामी. दिवाळीला साहेब आले की बघतील, हिला कामच काय आहे ते. मग पद घ्यायला मी आहेच.

आणि मग गडी असा राबला की विचारू नका. फोन आला की निघाला. फोन यायची वाट तरी कशाला बघा, रविवारीच जाऊन प्लग घासून आला, प्रिंटरचे रोलर बदलून आला. पोटदुखीपायी काम बुडवणारे पुष्कळ असतात. पोटदुखीपायी इतकं चोख काम करणारा हा एकटाच. "पगार वाढला वाटतं," बायको श्रद्धा म्हणाली. "वाढेल," तो म्हणाला.

रोज संध्याकाळी दर्शना बाहेर यायची. "दादा, आजही काही नाही?"

"काही नाही, मॅडम. सगळं सुरळीत. तुमचा पायगुण."

तिचा चेहरा उतरायचा आणि ह्याच्या जिवाला गार वाटायचं. एकदा तिने विचारलं, "दादा, माझ्यापासून काही लपवत नाही ना?" तेव्हा त्याला जरा टोचलं. पण नजर त्या पाटीकडे गेली आणि टोचणी विरून गेली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साळवी साहेब आले. केबिनचं दार बराच वेळ बंद होतं. दर्शना बाहेर आली ती डोळे पुसत. "तुम्हाला बोलावलंय, दादा," एवढंच म्हणाली. विनीतने शर्ट नीट खोचला आणि आत गेला.

"बसा," साहेब म्हणाले. "दर्शना इथे बसली त्या गणपतीपासून एकही तक्रार नाही. कमाल आहे."

"मॅडमना कामच नव्हतं, साहेब," विनीत अगदी हळू म्हणाला. "मग हे पद हवंच कशाला, असं कोणालाही वाटेल."

"मुंबईनेही तेच म्हटलं. रद्द केलं त्यांनी पद. कायमचं."

विनीतचा चेहरा जरा पडला. तरी तिचीही खुर्ची गेली, एवढं समाधान होतंच. "बिचाऱ्या दर्शना मॅडम," तो म्हणाला. "त्यांना फार हौस होती."

"हौस?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, गेल्या वर्षी तुम्हाला हे पद द्यायचं तर तुमच्या जागी दोन माणसं भरावी लागत होती, आणि मुंबई विचारत होती, रत्नागिरीत एवढं काम आहेच कुठे? म्हणून यंदा दर्शनाने ही खुर्ची फक्त दिवाळीपर्यंत मागून घेतली. म्हणाली, दादांना आत्ताच आशा लावू नका. मी त्यांचं काम मोजून दाखवते, त्यांना इथे बसवते, आणि माझ्या जुन्या टेबलावर जाते."