डबीचा दुसरा टप्पा

फाटक खाली आलं, साहेबांची फियाट थांबली आणि दोन श्वासांत इंजिन आपोआप बंद पडलं.

"बघितलंत?" दिनानाथसाहेब स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले. "मी हात तरी लावला का?"

रघू मोकलाने मान हलवली. पेणहून निघाल्यापासून त्याने चार वेळा गाडी ढकलली होती. बाजारात दोनदा, वडखळ नाक्यावर एकदा आणि म्हशी आडव्या आल्या तेव्हा एकदा. लग्नकार्याचा ठेवणीतला सदरा पाठीला चिकटला होता. मे महिना होता आणि नागोठण्याच्या पुढच्या या फाटकावर सावलीला एक झाडही नव्हतं.

साहेब रोह्याच्या एका कंपनीत माणसं ठेवणारे आणि काढणारे. डॅशबोर्डाखाली त्यांनी स्वतः बनवलेली एक डबी बसवली होती. गाडी उभी राहिली की डबी इंजिन बंद करायची. पेट्रोल वाचतं, धूर होत नाही, डोकं शांत राहतं, असे तीन फायदे त्यांनी वडखळ यायच्या आत सांगून टाकले होते. इंजिन परत सुरू करणं हा डबीचा दुसरा टप्पा. तो अजून कागदावर होता. तोवर चावी होती. पण दर थांब्याला बंद-चालू करून बॅटरी आडवी झाली होती. म्हणून तोवर रघू होता.

"आता मोकळेपणाने सांगा," साहेब म्हणाले. "फायदे मी सांगितले. एखादा तोटा दिसतो का?"

रघू खाडीकाठचा शेतकरी. खारबांधाच्या उघाडीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, जो फळी घालतो, त्यानेच ती ओहोटीला काढायची असते. उघडता येत नसेल तर बंद करू नये, हे त्याच्या गावात शाळेची पायरी न चढलेल्यालाही कळत होतं.

"नाय सायब," तो म्हणाला. "तोटा कसला."

कारण डिकीत सहा किलोंचा जिताडा होता. त्या बाजूला कुणाचं काम अडलं की तळ्यातला जिताडा निघतो. ज्याने पोसला त्याच्या तव्यावर तो सहसा पडत नाही. त्याचा साहेब ठरलेला असतो. रघूचा मुलगा प्रविण याच साहेबांच्या कंपनीत तीन वर्षं कंत्राटावर राबत होता, आणि कायम करायच्या माणसांची यादी साहेब आज दुपारी करणार होते. मासा स्वयंपाकघरात पोचेपर्यंत नाव काढायचं नाही, ही तिकडची रीत. रघूने ती पाळली होती. पहाटे मासा घेऊन तो पेणला साहेबांच्या दारात गेला, तर बाईसाहेब माहेरी. "चला रोह्याला," साहेब म्हणाले, "गेस्ट हाऊसला आचारी आहे."

वडखळला बर्फ घ्यायचा होता. पण तिथे ढकललेली गाडी नेमकी बर्फवाल्याच्या समोर सुरू झाली, आणि सुरू झालेली गाडी थांबवायला साहेब काही वेडे नव्हते.

आता साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "काहीतरी मेलंय इथे."

"खाडी हाय ना जवळ, सायब. ओहोटीचा वास."

रघूचा जन्म माशांत गेलेला; ओहोटी कुठली आणि नासका मासा कुठला, हे त्याला कळत होतं. अर्धा वास डिकीतून येत होता. उरलेला खोटं बोललेल्या आपल्या तोंडून आल्यासारखा त्याला वाटला. डिकी रोह्याला उघडली की संपलं. रीत गेली चुलीत, वासाच्या आधी नाव सांगून टाकावं.

"सायब, माजा पोरगा तुमच्याच—"

"थांबा हो, डबे मोजू द्या." मालगाडी आली होती. साहेब बोट नाचवत मोजत होते. रघू तोंड उघडं ठेवून बसला. "चव्वेचाळीस!" साहेब खूश होऊन म्हणाले. फाटक वर गेलं. मागच्या ट्रकने आणि एसटीने एकदम हॉर्न धरला.

"उतरा, उतरा!"

रघू उतरला. फाटकाशी लाकडाच्या मोळ्या टेकवून जवळच्या वाडीवरचा पांडू आणि त्याची बायको पारी उभी होती. न सांगता दोघांनी खांदा लावला. रूळ ओलांडून गाडीने दोन गचके खाल्ले, धूर सोडला आणि सुरू झाली. आधीच्या चारही खेपांना साहेबांनी ती हळू केली होती आणि रघू पळत येऊन चढला होता. या खेपेला मागे ट्रक होता.

"थांबलो तर बंद पडेल!" साहेब ओरडले. "तुम्ही या मागून!"

"सायब! प्रविण!" रघू धावत सुटला. "प्रविण रघुनाथ मोकल! कंत्राटातला! सायब!"

खिडकीतून साहेबांचा हात बाहेर आला. तो 'कळलं' म्हणाला, की मागच्या गाड्यांना 'पुढे जा' म्हणाला, ते सांगणं कठीण. ट्रक मात्र पुढे गेला. मग एसटीही गेली.

रघू परत आला तेव्हा त्याच्या छातीचा भाता चालला होता.

"पोरगा व्हता का गाडीत?" पारीने विचारलं.

"नाय गो. जिताडा व्हता."

"केवढा?" पांडू म्हणाला.

"सहा किलोचा. नासला." रघू रस्त्याच्या कडेला थुंकला. पुन्हा एकदा थुंकला.

पारीने मोळी डोक्यावर घेतली. "मंग जाऊ दे की," ती म्हणाली. "सायबाला सोबत झाली."