जरासं सरकलं तरी

"बटण हुडकू नको माय, नुसतं बोट सरकव," सत्यम म्हणाला.

साळूबाईंनी मांडीवरच्या टॅबवर बोट सरकवलं. त्यांचे कैलासवासी बद्रीनाथ डावीकडं निघून गेले आणि उजवीकडून सिल्लोडला दिलेली लेक, दीपमाला, हसत आत आली.

"अगं बया! ही कुठून आली?"

शेजारच्या द्वारकाबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. "लई भारी हाय की! बोट लावलं की माणूस हजर!"

सत्यमची छाती फुगली. त्याच्या आईची, साळूबाईंची आठवण वर्षभरात विरत चालली होती, म्हणून त्यानं घरच्यांचं हे ॲप केलं होतं. एका स्क्रीनवर एक माणूस, मोठा फोटो. आधी खाली बटणं होती, पण थरथरत्या बोटांना ती सापडायची नाहीत. मग त्यानं बटणं काढून स्वाइप घातलं, आणि तेही इतकं हलकं, की बोट जरासं सरकलं तरी स्क्रीन सरकावी. कंपनीत भलीमोठी ॲपं करूनही त्याचं इतकं नवल कुणी केलं नव्हतं.

बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत मग रोजच नवल घडू लागलं. साळूबाईंनी लेक ओळखली. नवऱ्याशी त्या चक्क भांडल्या. वैजापूरची म्हैस दिसली तर तिला नावानं हाक मारली. एवढं सगळं आत शाबूत होतं, हे बघून सत्यमच्या अंगावर काटा आला.

घोडं अडायचं ते त्याच्याच स्क्रीनवर.

घरात वावरणाऱ्या सत्यमला त्या 'साहेब' म्हणायच्या. आताचं तोंड नाही तर निदान जुनं ओळखतील, म्हणून त्यानं शाळेतला फोटो टाकला होता, तेल लावून चापून भांग पाडलेला. पण तो आला रे आला, की साळूबाई त्याला सरकवून द्यायच्या. बाकीच्यांना एका बोटानं, त्याला चांगली चार बोटं लावून. मग पुढं आलेल्या म्हशीकडं बघत हात तसाच हवेत धरून बसायच्या. उलटं सरकवून मागं जाणं त्यांच्या काही केल्या ध्यानात राहत नसे.

त्यानं आपला फोटो सगळ्यात आधी लावून पाहिला, सगळ्यात शेवटी लावून पाहिला. काही फरक नाही.

"म्हैस ध्यानात हाय, मी नाय," तो बायकोला म्हणाला.

"मनाला काय लावून घेतोस?" श्रेया म्हणाली. "त्यांना कुठं कळतंय काही?"

"कळत नाय म्हणूनच खरं सांगू राहिली ती."

त्याला फार लागलं होतं. जिच्यासाठी सगळा खटाटोप केला, तिनंच रोज आपल्याला बाजूला सारावं! रविवारी सकाळी तो इरेला पेटला आणि आपल्या एकट्याच्या स्क्रीनवरचं स्वाइप त्यानं बंद करून टाकलं. आता ढकल किती ढकलायचं ते. एकदा तरी माझ्याकडं नीट बघ.

टॅब मांडीवर देऊन तो साळूबाईंच्या पाठीमागं उभा राहिला.

बद्रीनाथ गेले. दीपमाला गेली. तेल लावलेला सत्यम आला.

साळूबाईंनी चार बोटं लावली आणि सरकवली. फोटो जागचा हलला नाही.

बोटं गालावरून हनुवटीपर्यंत उतरली. तिथून वर गेली, चापून बसवलेल्या केसांवरून फिरली आणि दुसऱ्या गालावर आली. मग साळूबाईंनी दोन्ही हात उचलून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"आज थांबलास व्हय रं सत्या? रोज हात लावला की पळतोस."