जास्तीची पुडी

कुलूप उघडलं तेव्हा चान्पेंग म्हातारी आतून फाटकाकडे येत होती. हातात वेताची परडी, पाय गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेले.

“काल सगळ्यांना बाहेर काढलं होतंस ना?” ठेकेदार सोमवांगने तिकीटवाल्या बुनथानला विचारलं.

“काढलं होतं.”

“मग ही कुठून उगवली?”

बुनथानने तिच्या मागे पाहिलं. माळावर पाहुणे तिकीट काढून बघायला येत ते प्राचीन दगडी रांजण, माणूस उभा मावेल एवढे. त्यांच्या पलीकडे घळ. जुन्या लढाईतले बाँब अजून या मातीत होते आणि सात वर्षं गुडघ्यांवर रांगत ते काढायचं काम बुनथाननेच केलं होतं. माळ जिथवर साफ झाला तिथवर पांढऱ्या खुणा रोवल्या होत्या. घळीच्या तोंडाशी खुणा लाल होत्या; तिथून पुढे बाँब अजून तसेच.

“आजी, घळीतनं आलीस?”

“मग काय करू? भात उजाडायच्या आत ठेवायचा असतो. तुमचं फाटक उघडतं आठला. मेलेले थांबतात होय आठपर्यंत?”

आज पितरांना भात ठेवायचा दिवस. तिचा खामला बारा वर्षांचा असताना म्हशींमागे इथे आला आणि तिसऱ्या रांजणापाशी बाँब फुटून संपला. मागच्या वर्षीपर्यंत फाटक नव्हतं. ती समोरून यायची, केळीच्या पानातली पुडी जमिनीवर ठेवायची, मेणबत्ती लावायची आणि जायची.

“तिकीट?” सोमवांग म्हणाला.

“लेकाला भेटायला?”

“एकीला फुकट सोडलं की सगळं गाव लोटेल. या फाटकातून तिकीट काढलेलाच जाईल. तू जिथून आलीस तिथूनच जा.”

“साहेब, तिकडे लाल आहे,” बुनथान म्हणाला.

“आली ना धडधाकट? मग जाईलही.”

बुनथानने एक तिकीट फाडलं. “माझ्या पगारातून कापा. आजी, घे.”

म्हातारीने हात पुढे केला नाही. “आज माझ्यासाठी तू काढशील. पुढच्या वर्षी गावात ज्याचं त्याचं मेलेलं माणूस अन् ज्याचं त्याचं तिकीट. ही रीत माझ्या हातनं नको पडायला.”

परडीत एक पुडी उरली होती. ती तिने त्याच्या हातात दिली.

“ही जास्तीची बांधली होती. माझं काही बरंवाईट झालं, तर मला कोण ठेवणार?”

आणि ती घळीकडे वळली.

तिला हाताला धरून थांबवायला हवं होतं, हे बुनथानला कळत होतं. ज्या माणसाने सात वर्षं जमिनीतून मरण उकरलं, तो एका कुलपाला भ्याला. तो तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसला. पहिली गाडी आली, चार पाहुणे उतरले. त्याने चार तिकिटं दिली आणि रोजचं वाक्य म्हटलं, “पांढऱ्या खुणांच्या आतच चाला.”

सोमवांगचं लक्ष खिडकीतल्या पुडीकडे गेलं.

“काय आहे त्यात?”

“भात.”

“कुणाला ठेवायचाय?”

बुनथानचे कान घळीकडे होते.

“अजून माहीत नाही,” तो म्हणाला.