पाढा चुकला तर दोन फेऱ्या

"माझं काय चुकलं?" टिकलीने विचारलं.

तिची आई, म्हणजे शाळेच्या खेळाच्या बाई, खाली वाकून तिच्या नव्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या. शाळा सुटून तास झाला होता. मैदान रिकामं होतं. फाटकाशी शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन स्टुलावर बसले होते. या मायलेकी एकदाच्या निघाल्या की कुलूप लावून ते घरी जायला मोकळे.

"चुकलं? कुठे काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "नुसतं जरा पळायचं. मजा म्हणून."

मजा म्हणून दात काढून घे, असं कुणी सांगावं तसं टिकलीने आईकडे बघितलं.

आठ वर्षांची पोर, पण दोन जिने चढली की धापा टाकायची. खेळाच्या तासाला हमखास तिचं पोट दुखायचं आणि तास संपला की हमखास थांबायचं. सगळ्या शाळेला पळवणाऱ्या बाईंची लेक बाकावरून हलत नाही, यावरून शिक्षकांच्या खोलीत चेष्टा चालायची. ती बाई हसण्यावारी न्यायच्या. पण ज्या मैदानावर आपला जीव, तेच आपल्या पोरीला नकोसं व्हावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"मी पाढा चुकले नाही," टिकली म्हणाली. "उशिरा आले नाही. बडबडसुद्धा केली नाही."

"त्याचा इथे काय संबंध?"

"असं काय गं आई! पाढा चुकला तर दोन फेऱ्या. वही विसरली तर एक. उशीर झाला तर तीन. बडबडीला दोनच, पण उलट बोललं तर पाच."

तेराचा पाढा तिने कधी इतका धडाधड म्हटला नव्हता.

बाईंचा हात नाडीवरच थांबला. टिकलीच्या वर्गाची खिडकी मैदानाकडे उघडायची. कुठल्याही वर्गात कुणी चुकलं की शिक्षक त्याच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला मैदानावर पिटाळायचे आणि बाई शिट्टी फुंकून त्याच्या फेऱ्या मोजायच्या. तेवढाच मुलांना व्यायाम, असं त्या अकरा वर्षं म्हणत आल्या होत्या. आजच्या सात चिठ्ठ्या अजून त्यांच्या खिशात होत्या.

त्या तिथेच फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर मटकन बसल्या.

"आई, तुझं चुकलं तर तू पळतेस?"

"नाही गं."

"काल आत्यासमोर तू मला आळशी म्हणालीस."

बाईंना आठवलं. जिन्यात म्हणाल्या होत्या. आत्या हसली होती, त्या स्वतःही हसल्या होत्या. टिकली हसली नव्हती.

"म्हणाले खरी. चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "त्याला किती?"

टिकलीने गंभीरपणे विचार केला. "दोन. पण आत्या होती, म्हणून चार."

बाईंनी अर्धवट राहिलेली नाडी घट्ट बांधली, गळ्यातली शिट्टी काढून लेकीच्या गळ्यात घातली आणि त्या रेषेवर उठून उभ्या राहिल्या.

शिट्टी वाजली.

पहिल्याच फेरीत बाईंचं पितळ उघडं पडलं. अकरा वर्षं त्या मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या, पळत होती ती मुलं. दुसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ आली. टिकली कमरेवर हात ठेवून हुबेहूब त्यांच्याच आवाजात ओरडत होती, "पाय उचला, पाय! गप्पा मारायला आलात काय?" बाईंना हसू फुटलं, आणि धाप लागलेली असताना हसणं म्हणजे काय हाल असतात ते त्यांना कळलं. तिसऱ्या फेरीत मात्र श्वास जुळला. कानांवरून वारा जाऊ लागला. लहानपणी शेजारी साधा निरोप द्यायला पाठवलं तरी आपण पळतच जायचो, हे त्यांना कितीतरी वर्षांनी आठवलं. तेव्हा कुणी पळ म्हणून सांगितलेलं नसायचं.

चौथी फेरी संपली. टिकलीने लांबलचक शिट्टी मारली. बाई थांबल्या नाहीत.

"आई! चार झाल्या!"

"माहितेय!"

"मग थांब ना! संपली शिक्षा!"

बाईंनी नुसता हात हलवला आणि त्या पुढे गेल्या. टिकली जागच्या जागी चुळबुळली. मोजणं संपलं तरी पळणारं माणूस थांबत नाही, असं या मैदानावर तिने कधी बघितलं नव्हतं. "अगं आई, संपली!" असं ओरडत ती मागे निघाली. आधी चालत, मग भरभर, मग पळत. शिट्टी तिच्या छातीवर आपटत होती. बाईंनी वेग जरासा कमी केला, तिच्या लक्षात येणार नाही इतपतच. वळणावर तिने आईला गाठलं, पण आता काय सांगायला आलो होतो तेच ती विसरली असावी, कारण ती बोलली काहीच नाही. पळतच राहिली.

फाटकाशी शिपाईमामा स्टुलावरून उठले. त्यांना राहवेना.

"बाई, जाऊ द्या हो आता!" ते कळवळून ओरडले. "लेकरू आहे. असं केलं तरी काय तिनं?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण टिकली तोवर त्यांच्या दोन पावलं पुढे गेली होती. धापा टाकत, मागे न बघता तिनेच ओरडून सांगितलं,

"काहीच नाही, मामा! काहीच नाही!"